हळदीच्या रात्रीपासून सोकापर्यंत

चैत्र-वैशाखात डोळखांबच्या परिसरात लग्नसराई सुरू झाली, की रात्री कोणत्या ना कोणत्या पाड्यावरून डीजेचा दणदणाट कानी येतो. गेल्या लग्नसराईत अशाच एका हळदीला गेलो असता, आगरी-कोळी गीतांच्या मध्येच एक परकी चाल वाजली. शब्द इंग्रजी होते. ठेका मात्र ओळखीचा, अगदी ताशाचा. यंत्रापाशी उभी असलेली कॉलेजातली मुलगी म्हणाली, "फादर, हे त्रिनिदादचं सोका आहे." गाणी निवडण्याचे व वाजविण्याचे काम एक मुलगी करते हे पाहून मांडवातील काही वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले. मुलीने यंत्रापाशी उभे राहावे, ही आपल्याकडची रीत नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ती रीत खरोखर कोणाची, हे पाहण्यासाठी हा लेख.

त्रिनिदाद हे वेस्ट इंडीजमधील बेट. कोलंबसाने १४९८ साली त्याला पवित्र त्रैक्याचे नाव दिले. तेथे वसाहत वाढावी म्हणून स्पेनच्या राजाने १७८३ मध्ये कॅथोलिक वसाहतकऱ्यांना जमिनी देऊ केल्या. तेव्हा आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी राखेच्या बुधवारापूर्वीचा कार्निव्हल आपल्याबरोबर आणला. त्यांचे मुखवट्यांचे नाच बंगल्यांत चालत आणि आफ्रिकी गुलाम बाहेर उभे असत. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, प्रत्यक्षात १८३८ मध्ये. आणि मुक्त झालेल्या माणसांनी कार्निव्हल रस्त्यावर आणला. हा उत्सव उपवासकाळाच्या उंबरठ्यावरचा आहे, हे मूळ आज तेथे नाचणाऱ्या किती जणांना आठवत असेल, देव जाणे.

मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून पहिले भारतीय गिरमिटिये घेऊन तेथे पोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय त्या बेटावर उतरले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधले. मराठी माणसे मुंबई बंदरातून गेली ती मुख्यतः मॉरिशसला. या लोकांनी लग्न नेले आणि लग्नाबरोबर ताशा नेला. तेथेही त्याचे नाव 'तासा' असेच राहिले. लग्नाच्या आधी 'माटीकोर' नावाचा विधी होई, आजही होतो. बायका ताशा घेऊन पाण्याकाठी जातात, माती खणून आणतात आणि रात्री आपसांत गातात, नाचतात. पुरुषांना तेथे मज्जाव. गाणी पुष्कळदा चावट असतात. आपल्या हळदीला विहिणीची उणीदुणी काढणाऱ्या गाण्यांची बहीणच म्हणावी.

सरकारला ढोलांचे भय वाटे. १८८१ मध्ये कार्निव्हलच्या पहाटे पोलीस व जमाव यांच्यात दंगल झाली, आणि पुढे ढोल वाजविण्यावर कायद्याने बंधने आली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो येथे मोहरमच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्या मिरवणुकीचा प्राणही ताशाच होता. बायकांच्या माटीकोरपर्यंत मात्र कोणाचा हात पोचला नाही.

याच बेटाच्या दक्षिणेस लेंगुआ गावी १९४१ साली गारफील्ड ब्लॅकमन हा आफ्रिकी वंशाचा मुलगा जन्मला. शेजारी भारतीय होते. 'लॉर्ड शॉर्टी' या नावाने तो कॅलिप्सो गाऊ लागला आणि १९७३ च्या 'इंद्राणी' या गीतात त्याने कॅलिप्सोत भारतीय ठेका मिसळला. नव्या संगीताला त्याने 'सोका' म्हटले. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्यातला 'का' हा भारतीय वर्णमालेतला 'क' होय! पुढे तो ऐश्वर्याला विटून पिपारो गावाच्या रानात कुटुंबासह राहिला, भक्तिगीते रचली आणि तरुणांना मादक द्रव्यांपासून सावध करणारी गाणी गायला. २००० साली तो वारला.

परंतु ठेका पुरुषाने उचलला तरी गाणी बायकांची होती. शेजारच्या सुरिनाममधील द्रौपदी नावाच्या गायिकेने १९६८ मध्ये लग्नातली पारंपरिक गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा बायकांच्या खोलीतला आवाज प्रथमच घरोघर पोचला. १९७८ मध्ये कॅलिप्सो रोझ या गायिकेने वार्षिक स्पर्धा जिंकली आणि 'कॅलिप्सोचा राजा' हा किताबच बदलावा लागला. १९८७ मध्ये द्रुपती रामगुनाई हिने 'चटणी सोका' गायिले. भारतीय घरच्या स्त्रीने रस्त्यावरच्या संगीतात उतरावे, याबद्दल तिच्यावर टीकेची झोड उठली. आज त्रिनिदादमध्येच नव्हे, तर जेथे जेथे ही माणसे स्थायिक झाली त्या लंडन-टोरांटोतही मुली डीजे होऊन सोका वाजवितात. लंडनमधला पहिला कॅरिबियन कार्निव्हल १९५९ च्या जानेवारीत भरविला तोही त्रिनिदादच्याच एका स्त्रीने, पत्रकार क्लॉडिया जोन्स हिने.

आता आपल्या मांडवात येऊ. तेराव्या शतकात ऋद्धिपुरी महदंबेने 'धवळे' रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. धवळे म्हणजे लग्नात गायची गीते. तोच शब्द आमच्या ठाणे जिल्ह्यात अजून जिवंत आहे. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते. ती गाते म्हणून विधी पुढे सरकतो. आगऱ्यांमध्ये धवलारीण आहे. मांडवात काय, केव्हा व किती वेळ गायचे, हे ठरविणारी व्यक्ती येथे शतकानुशतके स्त्रीच होती. तिच्यापाशी यंत्र नव्हते इतकेच. इस्राएल लोक समुद्र पार करून आले तेव्हा हाती डफ घेऊन मिर्याम पुढे झाली आणि बाकीच्या स्त्रिया तिच्यामागून निघाल्या, हे निर्गमच्या पंधराव्या अध्यायात आपण वाचतोच.

नाक मुरडणाऱ्यांत आपण धर्मगुरूही होतो, हे येथे लिहिणे भाग आहे. १७३६ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायसभेने, ख्रिस्ती लग्नांत ओव्या गाण्यास, देशी वाद्ये वाजविण्यास व हळद लावण्यास बंदी घातली. ज्या गोव्यात फादर स्टीफन्सने ओवीतच लिहिलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, त्याच गोव्यात हे घडले! बायकांनी हुकूम ऐकला आणि घरात गाणी म्हटली. आजही नारळाच्या रसाने वधू-वरांना न्हाऊ घालताना तेथील आया-मावश्या गातातच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात लग्नातील स्थानिक स्तुत्य चालीरीती राखाव्यात अशी कळकळीची इच्छा प्रकट केली आणि मिशनप्रदेशांतील लोकसंगीताला योग्य मान द्यावा असे सांगितले. १७३६ पासून त्याला २२७ वर्षे लागली.

डीजेचा मी भक्त नाही. आवाजाने म्हाताऱ्यांची व तान्ह्या मुलांची झोप मोडते, आणि सोकातली काही गाणी मांडवात वाजविण्याजोगी नाहीत. हळदीतली काही गाणीही नव्हती. पण धवलेरी गेली आणि तिच्या जागी कोणाचेच नसलेले यंत्र आले, याचे मला अधिक दुःख आहे. म्हणून यंत्रापाशी मुलगी उभी राहिली तर माझी हरकत नाही. तिला धवळेही ठाऊक असावेत एवढेच मागणे.

त्या रात्री दहा वाजता कायद्याप्रमाणे आवाज बंद झाला. मुलगी तारा गुंडाळीत असताना मांडवाच्या कोपऱ्यातून दोन आज्यांनी गाणे धरले. तिने आपला मोबाइल काढून त्यांच्यापाशी ठेवला. मी निघालो तेव्हा चौथे गाणे चालू होते, आणि मधला एक चरण विसरल्यावरून दोघींत वाद लागला होता.