‘येळवस’ : एका शेतसणाचे नाव आणि त्याचा इतिहास

१

मार्गशीर्ष महिन्याच्या अमावास्येस लातूर, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांतील, विशेषतः त्यांच्या पूर्व व दक्षिण भागांतील, गावे दिवसभर ओस पडतात. त्या दिवशी सारा गाव शिवारात असतो. या सणास तेथील बोलीत ‘येळवस’ असे म्हणतात. शासकीय सुट्टीच्या आदेशात आणि वृत्तपत्रांत मात्र तो ‘वेळ अमावास्या’, ‘वेळा अमावास्या’ किंवा ‘दर्शवेळा अमावास्या’ या नावांनी येतो. एकाच सणाच्या या दोन नावांपैकी मूळ कोणते आणि घडविलेले कोणते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्युत्पत्तीचा वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर या प्रदेशाच्या इतिहासाचे एक साधन टिकणे वा नाहीसे होणे अवलंबून आहे.

प्रथम सणाचे स्वरूप पाहू. काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत भाद्रपद-आश्विनात पेरलेली रब्बी ज्वारी या सुमारास पोटऱ्यांत वा कणसांत आलेली असते. हरभऱ्यास घाटे लागू लागतात, तूर भरलेली असते, करडई व जवस वाढीस लागलेले असतात. अशा उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्या टेकवून एक लहान खोपी उभारतात. तिला ‘कोप’ म्हणतात. कोपीत चुन्याने रंगविलेले पाच दगड मांडून त्यांची पाच पांडव म्हणून पूजा करतात. द्रौपदी व लक्ष्मी यांनाही तेथे स्थान असते. नैवेद्य शेतातल्याच मालाचा असतो : तुरीचे व वाटाण्याचे ओले दाणे, हरभरा, भुईमुगाचे दाणे आणि हंगामी पालेभाज्या एकत्र शिजवून बेसन लावून केलेली ‘भज्जी’, ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली ‘आंबील’, बाजरीचे वा ज्वारीचे ‘उंडे’, गव्हाची खीर आणि तिळाच्या व शेंगदाण्याच्या पोळ्या. आंबिलीचे मडके डोक्यावरून शेतात आणतात. पूजेनंतर पिकाभोवती फिरून आंबील व अन्न शिंपडतात, व त्या वेळी एक ठराविक आरोळी देतात. सायंकाळी कडब्याची पेटती पेंढी, म्हणजे ‘हेंडगा’, पिकाभोवती फिरविण्याचीही चाल अनेक गावांत आहे.

या जेवणास आमंत्रणाची गरज नसते. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. वाटसरूलाही हाक मारून बसविण्यात येते. शहरात राहणारी माणसे या दिवसासाठी गावी परततात आणि लातूरसारख्या शहराचे रस्तेही दुपारी निर्मनुष्य होतात. पिकविणारा यजमान आणि खाणारा पाहुणा समोरासमोर बसतात, व ताटातील पदार्थ ज्या मातीतून आला त्याच मातीवर ते ताट मांडले जाते. हे या सणाचे मुख्य लक्षण होय.

२

आता नावाकडे वळू. ‘वेळ अमावास्या’ या रूपाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केल्यास अडचण लगेच ध्यानात येते. मराठीत ज्या अमावास्यांना विशेष नावे आहेत, त्यांची नावे त्या दिवशीच्या एखाद्या वस्तूवरून वा विधीवरून पडलेली आहेत. पिठोरी अमावास्येत पीठ आहे, दिव्याच्या अमावास्येत दिवा आहे, सर्वपित्रीत पितर आहेत. ‘वेळ’ हा शब्द अशी कोणतीच वस्तू दाखवीत नाही. ‘दर्शवेळा अमावास्या’ या रूपात तर ‘दर्श’ म्हणजेच अमावास्या असल्याने एकच अर्थ दोनदा आलेला आहे.

याउलट सीमेपलीकडे, बीदर, कलबुर्गी, विजयपूर येथपासून थेट धारवाडपर्यंत, हाच सण त्याच तिथीस ‘एळ्ळमावास्ये’ या नावाने साजरा होतो. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. तमिळमध्ये त्याचाच सगोत्र शब्द ‘एळ्’ असा आहे, म्हणजे हा शब्द जुना द्राविडी आहे. ‘एळ्ळु’ आणि ‘अमावास्ये’ यांच्या संधीत पहिल्या पदाचा अंत्य उकार लोपतो व ‘एळ्ळमावास्ये’ हे रूप कन्नडच्या नियमानुसार सिद्ध होते. त्या दिवशी तिळाची होळिगे, म्हणजे पोळी, करतात. तिळाची अमावास्या हे नाव वर सांगितलेल्या नामकरणाच्या रीतीत तंतोतंत बसते.

कन्नडमध्ये शब्दारंभीच्या एकाराचा उच्चार सामान्यतः यकारयुक्त होतो. त्यामुळे ‘एळ्ळु’ हे कानाला ‘येळ्ळु’ असे ऐकू येते. मराठीच्या ग्रामीण बोलीत अमावास्येस ‘अवस’ म्हणतात. ‘येळ’ आणि ‘अवस’ मिळून ‘येळवस’ झाले. म्हणजे या शब्दाचे पूर्वपद कन्नड व उत्तरपद मराठी असून तो संकरज सामासिक शब्द आहे. दोन्ही भाषा नित्य कानावर पडणाऱ्या समाजातच असे शब्द सहजपणे घडतात.

मग ‘वेळ’ कोठून आले? मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत तालव्य स्वरापूर्वीचा शब्दारंभीचा ‘व’ टिकत नाही : ‘वेळ’चे ‘येळ’, ‘वेडा’चे ‘येडा’, ‘विहीर’चे ‘इहीर’ होते. शाळेत शिकलेल्या मनुष्यास ‘येळ’ हे ‘वेळ’चे अशुद्ध रूप, हे ठाऊक असते. म्हणून ‘येळवस’ कानी पडताच त्याने त्यातील ‘येळ’ही शुद्ध करून टाकले. मूळ ‘व’ कधी नव्हताच, तरी तो बसविण्यात आला. भाषाशास्त्रात यास अतिशुद्धीकरण म्हणतात. ‘अवस’चे ‘अमावास्या’ झाले आणि अखेरीस ‘दर्श’ जोडून नाव पूर्णपणे संस्कृत पेहरावात उभे राहिले.

येथे उलट शंका घेता येईल : मूळ मराठी ‘वेळ’च कन्नडिगांनी ‘एळ्ळु’ असा समजून घेतला नसेल कशावरून? या शंकेचे उत्तर सणाच्या विस्तारात आहे. कन्नड मुलखात तो मराठीच्या सीमेपासून फार दूरवर, जेथे खेड्यांची भाषा केवळ कन्नड आहे तेथेही, रूढ आहे. मराठी मुलखात मात्र तो सीमेलगतच्या पट्ट्यापुरता मर्यादित असून पुणे, नाशिक, खानदेश येथे या नावाचा शेतसण रूढ नाही.

३

सणाची इतर परिभाषाही हीच साक्ष देते. आंबील ज्या मडक्यातून नेतात त्यास ‘बिंदगे’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘बिंदिगे’ म्हणजे घागर. ‘उंडे’ या शब्दाशेजारी कन्नड ‘उंडे’, म्हणजे गोळा, हा शब्द उभा आहे. ‘भज्जी’ हा शब्द अधिक बोधप्रद आहे. प्राकृतातील द्वित्त व्यंजन मराठीत एकेरी होऊन त्यापूर्वीचा स्वर दीर्घ होतो. या नियमाने मराठीत ‘भाजी’ झाले. ‘भज्जी’तील द्वित्त या नियमात बसत नाही, आणि सणाच्या याच पदार्थास बीदरकडील कन्नडमध्येही ‘भज्जी’ असेच म्हणतात. शेतात दिल्या जाणाऱ्या आरोळीचे शब्द मराठी भाषकास अर्थहीन वाटतात, परंतु त्यांच्याशी ध्वनिसाम्य असलेली आरोळी सीमेपलीकडील शिवारांतही ऐकू येते.

तथापि देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असे समजू नये. ‘आंबील’ हा शब्द प्राकृत ‘अंबिल’ व संस्कृत ‘अम्ल’ येथपर्यंत मागे नेता येतो, आणि कन्नडमध्ये त्याच पेयाचे नाव ‘अंबलि’ आहे. पांडवांची कथा तर दोन्ही भाषांची समान मिळकत आहे.

या मिश्रणामागे दीर्घ इतिहास आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात कन्नड देशाची उत्तरसीमा गोदावरीपर्यंत सांगितली आहे. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंग्यापासून फार दूर नाही. दुसरीकडे, सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० (इ. स. १०१८) मधील मराठी लेख सापडला आहे. राज्यकर्त्यांच्या भाषा बदलल्या, तरी कुणब्याच्या घरात आणि बाजारात दोन्ही भाषा शेजारी नांदत राहिल्या.

पुढे हा मुलूख निजामाच्या राज्यात गेला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. उरलेल्या बीदर जिल्ह्याचा बहुतांश भाग म्हैसूर राज्यात गेला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. सीमा अशा रीतीने वारंवार आखल्या गेल्या, परंतु मार्गशीर्षातील अमावास्येस सीमेच्या दोन्ही अंगांस कडब्याच्या कोपी आजही एकाच दिवशी उभ्या राहतात.

४

भाषावार प्रांतरचनेच्या वादात दोन्ही पक्षांनी शिलालेख व जनगणनेचे आकडे पुरावा म्हणून मांडले. त्यांतून गाव कोणत्या भाषेचे, एवढाच प्रश्न विचारला गेला. गाव दोन्ही भाषांचे असू शकते, हे सांगणारा पुरावा स्वयंपाकघरात आणि शेताच्या बांधावर होता. ‘येळवस’ हा त्यांपैकी एक होय. ‘वेळ अमावास्या’ हे रूप रूढ होत गेले की हा पुरावा निकामी होतो, आणि नव्या नावास शोभणाऱ्या नव्या कथाही हळूहळू रचल्या जातात.

पदार्थांच्या बाबतीतही असाच बदल घडत आहे. गेल्या काही दशकांत लातूर भागात सोयाबीनने मोठे क्षेत्र व्यापले, व रब्बी ज्वारीचा पेरा घटला. ज्या भज्जीत शेतातील दाणे व पाने पडावयाची, तिच्यासाठी अनेक घरे आता बाजारातून जिन्नस आणतात. कोपीसाठी कडबाही मागून आणावा लागतो. पीक नाहीसे झाले की पदार्थ जातो, पदार्थ गेला की त्याचा शब्द जातो, आणि शब्द गेल्यावर तो ज्या सहवासातून आला त्या सहवासाची स्मृतीही उरत नाही.

म्हणून या सणाची नोंद करताना बोलीतील नावे शुद्ध करून न घेता जशीच्या तशी टिपून घेणे अगत्याचे आहे. उदगीर, निलंगा, औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांतील गावांत दोन्ही भाषांतून भज्जीचे जिन्नस, पूजेची परिभाषा आणि आरोळीचे पाठ गोळा केल्यास सीमाभागाच्या कृषिजीवनाचा एक लहानसा परंतु विश्वसनीय कोश सिद्ध होईल. हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतात, त्या वृद्ध शेतकरी स्त्रीपुरुषांची पिढी आता ओसरत चालली आहे. ते काम त्यांच्या हयातीतच व्हावयास हवे.