ओवाळणी आणि वाटणी

भाऊबीजेला बहिणीच्या ताटात ओवाळणी पडते. वडिलार्जित शेतातला वाटा मात्र पिढ्यान्‌पिढ्या पडला नाही. या रीतीचे मूळ फार जुने. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, असे तिचे मत. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही तिचाच आधार घेतला.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने लेकीला आत घेतले, पण उंबऱ्यापर्यंतच! समजा, ९ एकर वडिलार्जित जमीन. दोन मुलगे, एक मुलगी. आई आधीच गेलेली. बाप मृत्युपत्रावाचून वारला, की प्रथम बापलेकांत तीन-तीन एकर मांडावयाचे. मग बापाचे तीन तिघां भावंडांत वाटावयाचे. भावांना चार-चार एकर, बहिणीला एक!

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने लेकीलाही जन्मसिद्ध हक्क दिला. आधी लग्न झालेल्या मात्र वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ रोजी देशभर हा भेद मिटला. तरी त्या दिवशी बाप हयात हवा काय, यावर भावंडे कोर्टात झगडत राहिली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नको’ असा निर्वाळा दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदलेली वाटणी तेवढी मोडत नाही. एरव्ही तिघांना तीन-तीन एकर.

आता उरले हक्कसोडपत्र! माहेर तुटू नये, म्हणून कित्येक बहिणी मुकाट्याने त्यावर सही करतात. ती सही खरोखरच राजीखुशीची आहे काय, एवढे या भाऊबीजेला पाटावर बसण्यापूर्वी भावाने तिला विचारून घ्यावे.