रोजकीर्द, खतावणी आणि संगणकाची खिडकी

कागद नाहींसा होणें आणि कागद न दिसणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंतु शोधणाऱ्याच्या दृष्टीनें दोहोंचा परिणाम पुष्कळदां एकच होतो. संगणकावर एखादी फाइल उघडूं गेलें कीं एक लहानशी खिडकी पुढें येते आणि तींत फाइलींच्या नांवांची यादी दिसते. ती यादी कोणत्या क्रमानें व कोणत्या रूपांत दिसावी, हें आपणांस ठरवितां येतें. ही सोय नवी खरी. पण तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न आपल्या दफ्तरखान्यांत फार पूर्वींच उभा राहिला होता.

प्रथम नाशिकचेंच उदाहरण घेऊं. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंचे लेख आपले तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या वह्यांतून राखीत आले आहेत. यात्रेकरू आपलें गांव, आडनांव व कूळ सांगतो. त्या धोरणानें वही निघते आणि आजोबा-पणजोबांचीं नांवें पुढें येतात. लेख भरत गेले ते जसजसे यात्रेकरू आले तसतसे. शोध मात्र गांवावरून व कुळावरून होतो. या दोहोंची सांगड ज्याला ठाऊक, त्यालाच ती वही बोलते.

हाच प्रकार पेशव्यांच्या दफ्तरांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. रोजकीर्द म्हणजे रोजच्या व्यवहाराची तारखेवार नोंद. अमुक दिवशीं काय घडलें हें तींत तत्काळ सांपडे. पण एखाद्या देवस्थानाला वर्षभरांत काय पोंचलें हें पाहणारा तींत बुडून जाई. म्हणून पुण्याच्या एकबेरीज दफ्तरांत रोजकीर्दींवरून निरनिराळ्या बाबींखालीं घडण्या व खतावण्या तयार होत. मूळ नोंद एकच, पण तिचीं दर्शनें अनेक! आजच्या खिडकींत ‘तारीख’ या मथळ्यावर टिचकी मारली म्हणजे रोजकीर्द होते, आणि ‘नांव’ किंवा ‘प्रकार’ यांवर मारली म्हणजे खतावणी होते. फरक इतकाच कीं, जें काम कारकुनांचा ताफा महिनोन्‌महिने करी, तें आतां निमिषांत होतें.

ही व्यवस्था मोडली तर काय होतें, हेंही इतिहासानें दाखविलें आहे. १८०० सालीं नाना फडणवीस निवर्तले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत या दफ्तराकडे अक्षम्य दुर्लक्ष झालें. पुढें १८१८ सालीं राज्य गेलें, आणि १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन आलें. तेव्हां पिढीजाद जमिनींचा पुरावा मागण्यांत आला. ज्यांस कागद दाखवितां आला नाहीं, अशा कित्येकांच्या इनामांस मुकावें लागलें. क्रम ही केवळ टापटिपीची बाब नाहीं, ती हक्काची बाब आहे. त्याच दफ्तराचे रुमाल सोडून रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हां कोठें तें भांडार सामान्य अभ्यासकांस दिसूं लागलें.

संगणकाच्या खिडकीचाही इतिहास असाच हळूहळू घडला. पूर्वीं मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत फाइलीच्या नांवास आठ अक्षरें व प्रकारास तीन, इतकीच जागा असे. १९९५ सालच्या विंडोज ९५ नें ती अडचण दूर केली. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या जीटीके या साधनसंचाच्या खिडकींत फाइली चित्ररूपानें मांडून दिसाव्यात, अशी मागणी २००४ सालीं झाली; ती पुरी व्हावयास २०२३ साल उजाडलें! शेंकडों छायाचित्रांतून एक निवडावयाचें असतां नुसतीं नांवें काय कामाचीं?

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुष्कळ प्रणाली आपणांस उघडतां येतील तेवढ्याच प्रकारच्या फाइली या खिडकींत दाखवितात; बाकीच्या असूनही दिसत नाहींत. अशा वेळीं फाइल गेली म्हणून हळहळण्यापूर्वीं ‘सर्व फाइली’ हा पर्याय निवडून पाहावा. तसेंच नांवाच्या आरंभीं वर्ष, महिना व दिवस याच क्रमानें घातले, उदाहरणार्थ ‘२०२४-०३-१५ घरपट्टी’, तर नांवांचा क्रम आपोआप तारखांचा क्रम होतो, आणि एकाच यादींत रोजकीर्द साधते.

आज घराचें खरेदीखत, मुलांचे दाखले, वडिलांचीं छायाचित्रें हें सारें संगणकांत जाऊन बसलें आहे. पूर्वीं रुमालाची गांठ सोडतांच कागद निदान हातीं तरी लागत. आतां तितकाही भरंवसा नाहीं. म्हणून प्रत्येक कुटुंबानें आपलें दफ्तर कोणत्या धोरणानें लावलें आहे, हें घरांतील एकाहून अधिक माणसांस सांगून ठेवावें. कारण ठेवणाऱ्याचा क्रम शोधणाऱ्यास कळला, तरच ठेवलेलें पुढच्या पिढीच्या हातीं पडतें.