कडी-कोयंडा : जव्हार-मोखाड्याच्या घरांतले दार-कपाटांचे सामान

कडी-कोयंडा : दार, खिडकी आणि कपाट उघडण्या-मिटण्यासाठी बसवायच्या सामानाचे मराठीतले जुने जोडनाव. कडी ओढून घ्यायची, कोयंडा म्हणजे ती जिच्यात अडकते ती वाकवलेली लोखंडी पकड. या जोडीभोवती पुढे बिजागरी, खिटी, अडसर, फिरकी, मूठ, टॉवर बोल्ट, अल्ड्रॉप, हँडल, नॉब असा मोठा परिवार जमला. आज दुकानात या साऱ्याला सरसकट ‘हार्डवेअर’ म्हणतात. दिवसातून कितीतरी वेळा माणसाचा हात या सामानाला लागतो. तरी घर बांधताना त्याचा विचार सर्वांत शेवटी, पैसे संपत आले की होतो.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे डोंगरी तालुके. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. इथला पाऊस वर्षाला सरासरी अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो. त्या काळात लाकूड फुगते, लोखंड गंजते, प्लायवूडच्या कडा सुटतात. उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसते आणि पावसाळ्यात चौकटीला घासणारे दार सैल वाजू लागते. म्हणून इथे दाराचे सामान निवडताना पहिला प्रश्न पावसाचा. शोभेचा प्रश्न त्यानंतर येतो.

या भागातल्या वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी कुटुंबांच्या जुन्या घरांत धातूचे सामान जवळजवळ नव्हतेच. कारवीच्या काठ्या उभ्या रोवून, त्यांवर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होत. दाराला बांबूच्या कामट्यांची विणलेली ताटी. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द मराठी घरोघर ठाऊक आहे. मोखाड्याहून घाट चढून गेले की लागणाऱ्या त्र्यंबकेश्वरला त्यांच्या थोरल्या भावाची, निवृत्तिनाथांची समाधी आहे. ताटीला बिजागरी नसते. एका बाजूला दोरीने किंवा वेलीने बांधली की ती उघडते-मिटते, रात्री आतून आडवे लाकूड लावले की झाले. ही ताटी वादळवारा पूर्ण अडवत नाही, चोराला तर मुळीच नाही. पण हवा खेळती ठेवते, पावसात फुगून अडत नाही आणि मोडली तर घरच्या घरी नवी होते. ज्या घरात धान्य बांबूच्या कणगीत आणि भांडी उघड्या मांडणीवर असत, तिथे कुलुपाची गरजही बेताचीच होती.

दुसरे टोक त्याच डोंगरावर सापडते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा जयविलास राजवाडा गावाबाहेर, झाडीत उभा आहे. राजवाडे आणि वाडे यांच्या दारांची परंपरा वेगळी : जाड सागवानी फळ्या, गणेशपट्टी, मोठ्या दरवाजात माणसापुरती दिंडी, फळ्यांवर ठोकलेल्या फुल्या. या फुल्यांकडे आज सजावट म्हणून पाहिले जाते, पण त्यांचे मूळ काम मागच्या आडव्या पट्ट्यांना फळी घट्ट धरून ठेवण्याचे होते. जुनी भारी दारे बिजागरीवर टांगलेलीही नसत. फळीलाच वर आणि खाली गोल खुंट ठेवून ते चौकटीच्या आणि उंबऱ्याच्या खोबणीत फिरवत. साऱ्या दाराचे वजन अशा रीतीने जमिनीवर जाई, म्हणून ती शंभर वर्षांनंतरही लोंबलेली दिसत नाहीत. आतून लावायचा अडसर भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवलेला असे. दिवसा तो भिंतीच्या पोटात, रात्री दारावर.

या दोन टोकांमध्ये आज सर्वांत जास्त संख्येने उभे राहते ते घरकुल. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात किमान २५ चौरस मीटरचे घर धरले आहे. शबरी घरकुल योजनेतून आदिवासी कुटुंबांना, तर २०२३ च्या पंतप्रधान-जनमन योजनेतून कातकरींसारख्या अतिमागास आदिवासी गटांना पक्की घरे मिळतात. कुडाच्या भिंतीतून सिमेंटच्या भिंतीत जाताना कुटुंबाच्या हाती पहिल्यांदाच किल्ली येते. ती क्षुल्लक बाब नाही. दिवाळीनंतर या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. होळीला काही जण परततात, बाकीचे पावसाच्या तोंडावर. तोवर घर बंद. अशा घराला नक्षीदार मुठीपेक्षा चांगला अल्ड्रॉप हवा.

अल्ड्रॉप म्हणजे बाहेरून कुलूप घालता येईल असा सरकता जाड दांडा. त्याची खरी परीक्षा दांड्याच्या जाडीत जितकी आहे तितकीच तो कशाने बसवला यात आहे. नुसत्या स्क्रूवर बसवलेला अल्ड्रॉप बाहेर उभ्या माणसाला पेचकसाने पाच मिनिटांत काढता येतो. दारातून आरपार जाणारे, गोल डोक्याचे बोल्ट घालून आतल्या बाजूने नट आवळले, तर ते बाहेरून सुटत नाहीत. खर्च थोडाच वाढतो. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या घरासाठी सुताराला हे बजावून सांगावे. कुलुपाबाबत निवड सोपी आहे, कारण देशी कुलुपांचा उद्योग जुना आणि भरवशाचा आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलुपे बनवायला सुरुवात केली. अलीगढ तर कुलुपांचेच शहर.

धातूची निवड हा या विषयाचा गाभा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ते गंजत नाही, काळवंडते आणि घासले की पुन्हा उजळते. स्टेनलेस स्टीलमध्ये ‘३०४’ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. जव्हारच्या पावसाला ती पुरते. ‘२०२’ प्रत स्वस्त पडते, कारण तिच्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त; बाहेरच्या दारावर तिला तांबूस ठिपके लवकर पडतात. डहाणू, केळवे, अर्नाळा अशा खाऱ्या वाऱ्याच्या गावांना मॉलिब्डेनम घातलेली ‘३१६’ प्रत लागते, डोंगरावर तिची गरज नाही. बाजारात सर्वांत फसवा माल म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर पितळी मुलामा दिलेला. दिसायला तो अस्सल, पण मुलामा उडाला की खाली राखाडी, भुरभुरीत धातू. पारख हातानेच होते. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. चुंबक चिकटला नाही तर वजन पाहावे : पितळाची घनता पाण्याच्या साडेआठ पट, जस्ताच्या मिश्रधातूची साडेसहा-पावणेसात पट, ॲल्युमिनियमची पावणेतीन पटीच्याही आत. एकाच मापाच्या दोन मुठी दोन तळव्यांवर ठेवल्या, तर हा फरक चटकन कळतो.

एवढे सगळे नीट पाहूनही घात होतो तो स्क्रूमध्ये. पितळी बिजागरी आणली आणि ती लोखंडी स्क्रूवर बसवली, तर ओलाव्यात दोन धातूंच्या संगतीने लोखंड अधिक झपाट्याने गंजते. पहिल्या पावसाळ्यानंतर अशा दाराजवळ उभे राहून पाहावे. पितळ पिवळेजर्द असते, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखालून तांबडा ओघळ रंगावर उतरलेला असतो. सागात किंवा ऐनासारख्या टॅनिन असलेल्या लाकडात तोच ओघळ निळसर काळा होतो आणि रंध्यानेही पुरता निघत नाही. पितळी बिजागरीला पितळीच स्क्रू हवेत. पण पितळी स्क्रू मऊ. जुन्या सागात जोराने पिळला की मान तुटते आणि निम्मा आत राहतो. जाणता सुतार आधी बारीक भोक पाडतो, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत नेऊन काढतो, मग पितळी स्क्रूला साबण किंवा मेण चोळून अलगद बसवतो.

सात फुटी लाकडी दाराला तीन बिजागऱ्या, बहुधा चार इंची, हे सर्वमान्य माप. दार भारी असेल तर मधली बिजागरी बरोबर मध्यावर न घेता वरच्या बिजागरीच्या जवळ घेतात, कारण दाराचा ओढा वरच्या कोपऱ्यावर असतो. भारतीय मानक ब्यूरोने पोलादी बिजागऱ्यांसाठी आयएस १३४१, टॉवर बोल्टसाठी आयएस २०४ आणि दाराच्या हँडलांसाठी आयएस २०८ ही मानके केली आहेत.

मूठ निवडताना घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती डोळ्यांसमोर आणावी. गोल नॉब पकडून पिळावा लागतो. संधिवाताच्या बोटांना आणि भाताच्या लावणीने ओल्या झालेल्या हाताला तो दाद देत नाही. आडवे लिव्हर हँडल कोपरानेही दाबता येते. जमिनीपासून साधारण ९०० ते १,१०० मिलिमीटर उंचीवर ते बहुतेकांना सोयीचे पडते. ओढायच्या हँडलमागे बोटांसाठी किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. टोकदार पाकळ्यांची, कोपऱ्यांची नक्षी चित्रात देखणी दिसते आणि अरुंद बोळात ओढणी अडकवते, पोराच्या कपाळाला लागते.

कपाटांची गोष्ट थोडी निराळी. जुन्या घरांतले भिंतीतले फडताळ आणि दुधातुपाचे जाळीचे कपाट एका लाकडी फिरकीवर बंद राहत असे. फिरकी म्हणजे मध्ये एकाच स्क्रूवर फिरणारा बोटभर तुकडा. झिजली तर नवी कापायची. आजच्या कपाटात लपलेली बिजागरी असते, जिला सुतार ‘ऑटो हिंज’ म्हणतात. तिची वाटी ३५ मिलिमीटर व्यासाची, आणि दार कडेवर पूर्ण चढणार, अर्धे चढणार की आत बसणार त्याप्रमाणे ‘झिरो’, ‘आठ’ वा ‘सोळा’ क्रँक मागायचा. चुकीचा क्रँक आणला की दार एकतर मिटत नाही किंवा शेजारच्या दारावर आदळते. हँडलच्या दोन भोकांमधले अंतर ९६, १२८, १६० असे ३२ च्या पटीत मिळते. हे माप सगळ्या घरात एकच ठेवले, तर पुढे हँडल बदलताना नवी भोके पाडावी लागत नाहीत. या मुलुखातल्या ओलीत भुशाच्या दाबीव फळीत स्क्रू टिकत नाही. स्वयंपाकघरात आयएस ७१० चे मरीन प्लायवूड घेतलेले बरे.

आता शोभा. वारली चित्रांच्या चिनी मातीच्या मुठी मोठ्या शहरांत विकल्या जातात, आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रे जगभर नेली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तारपा नाच, झाड, पक्षी, बैल ही चित्रे कपाटाच्या मुठीवर शोभतात. लग्नातला पालघट देवीचा चौक मात्र सवाशिणी भिंतीवर काढतात, लग्न लावणारी धवलेरी त्यापुढे गाते. तो देव्हारा आहे. चपलांच्या कपाटाच्या मुठीवर तो छापणे हा त्या समाजाचा अवमान आहे आणि घेणाऱ्याने तो माल नाकारावा. स्थानिक हातांना काम द्यायचे असेल, तर जव्हार परिसरात बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे करणारे कारागीर आहेत, बांबूकाम करणारे आहेत. तांब्या-पितळेसाठी नाशिकचा भांडी बाजार आणि मठारकामासाठी पुण्याची तांबट आळी याच प्रांतात आहेत. ठोक्यांच्या खुणा असलेल्या मठारलेल्या तांब्यावर बोटांचे डाग आणि ओरखडे लपतात, गुळगुळीत आरशासारख्या धातूवर ते उठून दिसतात.

एका नजरेत दिसणाऱ्या जागेत एकच धातू ठेवावा. दाराला पितळ असेल तर शेजारच्या फडताळालाही पितळ. चौकटीच्या वर दोन छोटे आकडे विसरू नयेत. दसऱ्याला भाताच्या नव्या लोंब्या आणि आंब्याचे तोरण त्यांनाच बांधायचे असते, आणि ते नसले की दरवर्षी नव्या चौकटीत नवा खिळा ठोकला जातो.

निगा साधी आहे. उघडे पितळ चिंचेच्या कोळाने किंवा आमसुलाच्या पाण्याने घासावे, लगेच धुऊन कोरडे करावे. आंबट अंश राहिला तर हिरवा थर येतो. लॅकर मारलेल्या पितळाला चिंच लावू नये, लॅकर ठिकठिकाणी सुटून धातू चट्टेरी दिसतो. त्याला ओला फडका पुरतो. बिजागरीला मेअखेरीस, पहिल्या वळवाच्या आधी, मशीनच्या तेलाचे दोन थेंब. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत दार तासून घेऊ नये, कारण तेव्हा ते आधीच आक्रसलेले असते. श्रावणात जिथे घासते तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी, आणि दिवाळीनंतर लाकूड सुकले की तेवढ्याच खुणेवर रंधा फिरवून उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगवावी.