आमवात: सांध्याला आराम किती, हालचाल किती?

आपल्याकडे सांधा दुखला की सरसकट 'वात' म्हणतात आणि 'वय झालं' म्हणून सोडून देतात. पण झिजेचा संधिवात वेगळा, आमवात वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात; सकाळी हात आखडतात ते तासभर मोकळे होत नाहीत. स्त्रियांत हा जास्त दिसतो आणि तिशी-चाळिशीतही होतो.

फिजिओथेरपीत वेळ ओळखणं महत्त्वाचं. सांधा गरम आणि सुजलेला असताना जोराची मालिश नको. थंड शेक, विश्रांती, गरज पडल्यास स्प्लिंट आणि दिवसातून एक-दोनदा हलक्या हाताने हालचाल एवढंच करावं. पूर्ण झोपून राहिलं तर स्नायू कमजोर होतात, सांधा आखडतो. सूज उतरली की चालणं आणि ताकदीचे व्यायाम हळूहळू वाढवावेत. पातेलं दोन्ही हातांनी उचलावं, पिशवी बोटांत न अडकवता खांद्यावर घ्यावी.

मात्र व्यायाम हा औषधाला पर्याय नाही. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. वाकडा झालेला सांधा औषधाने सरळ होत नाही. म्हणून आम्ही सांगतो, सूज काही आठवडे टिकली तर घरगुती इलाजात वेळ घालवू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा.