माळीण : दरड कोसळण्याआधीची रात्र आणि नंतरच्या रात्री

२९ जुलै २०१४, संध्याकाळी साडेसात. तळेघर, आहुपे, माळीण, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या सगळ्या पश्चिम पट्ट्यात भात आवणीचे दिवस. पावसाची झोड चालूच. अंधार पडला की डोळ्यांतून मेंदूला वर्दी जाते आणि पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. दिवसभर चिखलात वाकलेली माणसं लवकरच आडवी होतात.

रात्री १०. पहिल्या गाढ झोपेत ग्रोथ हार्मोनचा मोठा लोट येतो. शरीराची झीज भरून निघते ती याच वेळी.

मध्यरात्र. कॉर्टिसॉल तळाला असतं.  वर डोंगराच्या मातीत पाणी मुरत होतं. मुरलेल्या पाण्याचा दाब वाढला की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. उतार सपाट करून केलेल्या पडकई शेतीवर पुढे बोट ठेवलं गेलं, त्यावर वादही झाले.

पहाटे ३. कॉर्टिसॉल चढू लागतं. सूर्य उगवणार हे शरीराला आधीच ठाऊक असतं, त्याची तयारी सुरू होते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या रक्तात प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं. माळीणमध्ये तीन महिन्यांचं बाळ असलेली एक आई होती.

३० जुलै, सकाळी साडेसातचा सुमार. डोंगर खाली आला. चाळीसहून अधिक घरं गाडली गेली. शाळा तेवढी उभी राहिली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं एसटीच्या चालकाच्या. मोबाइलला रेंज नव्हती. कित्येक तासांनी बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि मायलेकरं जिवंत निघाली. मृत १५१.

घटनाक्रम इथे थांबवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. वाचलेल्यांचं शरीर पावसाच्या आवाजाला ॲड्रेनालिननं उत्तर देऊ लागतं, आणि तुटक झोपेचा हिशेब पोटापर्यंत पोहोचतो. शिकागोत २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. झोप अशीच मोडत राहिली तर इन्सुलिनही नीट काम करेनासं होतं, म्हणजे मधुमेहाची वाट मोकळी. मदतीच्या यादीत पत्रे, धान्य, भांडी असतात. झोप कुणी लिहीत नाही.

२ एप्रिल २०१७. आमडे इथे नव्या माळीणचं लोकार्पण झालं. त्याच वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथली माती सरकली आणि रस्त्यांना भेगा पडल्या.