जुनेराची गति : बाळोतें, घडी आणि वेखंड

जुने कागद पाहतांना आपण प्रथम रुमालाची गांठ सोडतों, आणि कागद हातीं येतांच रुमाल बाजूस टाकतों. घरगुती दप्तरांचा हा रुमाल पुष्कळदां मूळचा लुगड्याचा किंवा धोतराचा फाडलेला तुकडा असतो. नीट पाहिल्यास एखाद्या कडेस काठाचे चार धागे अजून दिसतात. किडीची बाधा होऊं नये म्हणून आंत वेखंडाचे तुकडे घातलेले सांपडतात. प्रस्तुत लेखाचा विषय या रुमालाचीं दोन भावंडें हा आहे : तान्ह्या मुलाचें बाळोतें, व विटाळशी स्त्रीनें वापरावयाची फडक्याची घडी. तिघांचें सूत एक. पण रुमालाच्या पोटीं कागद होते म्हणून तो जतन झाला, आणि इतर दोघांनीं पिढ्यानपिढ्या सेवा केली असतां त्यांस लेखकांनीं क्वचितच विचारलें. विषय संकोचाचा आहे हें मान्य आहे. तथापि अलीकडे कांहीं कुटुंबें एकदां वापरून फेंकण्याच्या विकतच्या वस्तु सोडून पुन्हां कापडाकडे वळत आहेत. पूर्वी तें कापड कसें राखीत असत, हा प्रश्न त्यामुळें केवळ जुन्याच्या हौसेचा राहिलेला नाहीं.

बाळोत्याविषयीं आपल्याकडील सर्वांत स्पष्ट वचन चरकसंहितेंत आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत कुमारागार कसें असावें हें सांगितल्यावर ग्रंथकार मुलाच्या अंथरुणापांघरुणाकडे वळतो. तीं मऊ, हलकीं, स्वच्छ व सुवासिक असावीं. घाम, मळ, जंतु यांनीं युक्त किंवा मलमूत्रानें भरलेलीं वर्ज्य करावीं, असें तो प्रथम म्हणतो. एवढ्यावरच थांबला असता तर हें श्रीमंतांच्या सोयीचें बोलणें म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु लगेच पुढें तो सांगतो कीं, दुसरीं मिळण्यासारखीं नसतील तर तींच उत्तम धुऊन, धुरी देऊन, शुद्ध व कोरडीं करून वापरावीं. ज्याच्या घरीं वस्त्रांची पेटी भरलेली नाहीं अशा गृहस्थाचा विचार येथें केलेला आहे, आणि धुणें, धुरी, वाळवणें हा क्रमहि पुरता सांगितला आहे. सुश्रुतानें मुलास क्षौम वस्त्रांत गुंडाळून क्षौमाच्याच अंथरुणावर निजवावयास सांगितलें आहे. पण तें वस्त्र मळल्यावर काय करावें ही अडचण सोडविली ती चरकानें.

धुरीच्या द्रव्यांची यादीहि तेथेंच आहे. जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वचा इत्यादि सांगून शेवटीं सापाची कात आहे, आणि हीं सर्व तुपांत कालवावयाचीं आहेत. वचा म्हणजे आपलें वेखंड. सापाची कात सोडून दिली तर ही यादी वाचतांना महाराष्ट्रांतील बाळंतिणीची खोली आठवल्याशिवाय राहत नाहीं. शेगडींतील निखाऱ्यावर ओवा, वेखंड, ऊद टाकून बाळबाळंतिणीस धुरी द्यावयाची, आणि पावसाळ्यांत ऊन नसल्यामुळें त्याच शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर बाळोतीं वाळवावयाचीं, ही चाल आजच्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणींतील आहे. अशा चालींत अखंड परंपरा पाहण्याचा मोह होतो. तो आवरला तरी, जें वेखंड आपण पोथींत घालतों तेंच पाळण्यापाशीं जळत होतें, एवढें खरें.

आतां कापडाकडे वळूं. लुगडें नऊवार असे, आणि तें एकदम टाकावयाचें नसे. विरलेला भाग काढून उरलेले तुकडे जोडीत, यास दंड घालणें म्हणत. दंडहि टिकेना म्हणजे लुगड्याचें जुनेर झालें. जुनेरांतून मऊ तुकडे निवडून दुपटीं शिवावयाचीं, त्याखालचीं बाळोतीं, कांहीं घड्या स्त्रियांच्या मासिक अडचणीसाठीं निराळ्या, जाडेंभरडें तें गोधडींत किंवा वाकळींत, अखेर पोतेरें, आणि अगदींच चिंधी झाली तर तेलांत बुडवून काकडा. नव्या मुलास बारशापर्यंत नवें कापड घालूं नये अशी चाल पुष्कळ घरांत आहे. तिला दृष्टीचें वगैरे कारण सांगतात, पण मला तिच्यांत विणकामाचें ज्ञान दिसतें. कोऱ्या कापडास खळ असते, आणि कापसाच्या तंतूवर जात्याच मेणासारखा पातळ थर असतो. त्यामुळें त्यावर पाणी पडलें तर तें प्रथम वर तरंगतें. वर्षानुवर्षें खाराच्या पाण्यांत धुतल्यावर हा थर जातो, तंतु सैल होतो, आणि जुनेर पाण्याचा थेंब पडतांच पिऊन टाकतें. हल्लीं विकत मिळणारे सुती लंगोट वापरण्यापूर्वीं अनेकदां धुऊन घ्यावे, आणि धुतांना कापडास मऊपणा आणणारीं द्रव्यें घालूं नयेत, कारण त्यांचा थर बसून शोषण कमी होतें, अशी सूचना देतात. आपल्या आज्यांस ती छापून द्यावी लागली नाहीं.

दुसऱ्या वस्त्राची कथा अशी सरळ नाहीं. तैत्तिरीय संहितेंत रजस्वलेस ‘मलवद्वासस्’ म्हटलें आहे. मळलेलें वस्त्र जिचें आहे ती, असा त्याचा अर्थ. इंद्राच्या ब्रह्महत्येचा तिसरा अंश स्त्रियांनीं घेतला या प्रसिद्ध कथेच्या ओघांत तो शब्द येतो, आणि पुढें तिनें काय करूं नये याची जी यादी आहे तींत सूत कातण्याचाहि निषेध आहे. म्हणजे तिचें नांवच वस्त्रावरून पडलें, आणि वस्त्राच्या मुळाशीं असलेल्या सुतासहि हात लावावयाचा नाहीं! पण तें मळलेलें वस्त्र धुवावें कसें, वाळवावें कोठें, याविषयीं तेथें अवाक्षर नाहीं. पुढील काळांतहि हीच विसंगति दिसते. मुलीस प्रथम न्हाण आलें म्हणजे तिला मखरांत बसवीत, वाजंत्रें लावीत, साखर वाटीत. या समारंभाचा गाजावाजा आळीभर होई, आणि दुसऱ्या महिन्यापासून तीच गोष्ट कुजबुजीची होई. बाळंतिणीचीं वस्त्रें परटानें धुवावयाचीं, आणि त्याच कामामुळें त्यास हीन लेखावयाचें, हाहि त्यांतलाच प्रकार. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातींवरील ग्रंथांत (१९१६) धोब्याच्या अशुद्धतेचा संबंध याच कामाशीं जोडलेला आहे. ज्या देहास विटाळ म्हणतात त्याच विटाळांतून सर्वांचा जन्म, हें चवदाव्या शतकांत सोयराबाईनें अभंगांत सांगितलें. पण तें ऐकणारे थोडे.

परिणाम असा झाला कीं, एकाच जुनेरांतून फाडलेल्या दोन तुकड्यांस दोन गति मिळाल्या. बाळोतीं अंगणांत उन्हांत दोरीवर फडफडत. घराचें तें भूषणच. घडी मात्र हातानें चोरून धुऊन, दुसऱ्या लुगड्याखालीं किंवा गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, ओलसरच राही आणि तशीच पुन्हां वापरण्यांत येई. चरकाचा नियम मुलास लागू झाला, आईस नाहीं. यांत कापडाचा दोष कोणता? ओल व अंधार हे लाजेनें घातले. आणि स्त्रियांस पुढें जे आजार सोसावे लागत त्यांचा हिशेब कोणत्याहि वहींत नाहीं.

विकतच्या वस्तूंचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. अमेरिकेंत १८९६ सालीं फेंकून देण्याच्या पट्ट्या बाजारांत आल्या, पण उघडपणें मागण्याच्या संकोचामुळें त्या चालल्या नाहींत. पहिल्या महायुद्धांत जखमा बांधण्यासाठीं लाकडाच्या लगद्याचें एक शोषक द्रव्य वापरलें जाई. युद्ध संपल्यावर त्याच्याच पट्ट्या १९२० नंतर विकूं लागले. मुलांचे फेंकाऊ लंगोट तेथेंच १९६१ नंतर सर्रास झाले. आपल्याकडे हा पालट पुष्कळ उशिरां झाला, आणि अजून पुरा झालेला नाहीं : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें १५ ते २४ वर्षांच्या स्त्रियांत कापड वापरणाऱ्या २०१५-१६ मध्यें ६२ टक्के होत्या, त्या २०१९-२१ मध्यें ५० टक्के झाल्या. मात्र या नव्या वस्तूंत प्लास्टिक असल्यामुळें त्या कुजत नाहींत. त्या हातानें वेगळ्या काढण्याचें काम पूर्वीच्या परटाप्रमाणें पुन्हां कोणा दुसऱ्याच्याच वांट्यास आलें. पुण्यांतील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें २०१३ सालीं असा वापरलेला माल उत्पादकांकडे परत पाठविला. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो गुंडाळण्यासाठीं वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली.

आतां जीं कुटुंबें कापडाकडे परततात त्यांस घड्या शिवून विकत मिळतात, वर पाणी न झिरपणारें अस्तरहि असतें. पण घडी उघड्या उन्हांत वाळत घालण्याचें धैर्य दुकानांत मिळत नाहीं, आणि जुन्या पद्धतींत उणीव होती ती नेमकी तीच.

मंडळाच्या सभासदांस एक विनंति आहे. घरगुती जमाखर्चांत बाळंतविड्याच्या याद्या आढळल्यास त्यांतील कुंच्या, टोपडीं, दुपटीं यांच्या नोंदी किरकोळ म्हणून गाळूं नयेत. दप्तराचा रुमाल बदलतांना जुना टाकूं नये. त्याचा काठ, दंड, लांबीरुंदी टिपून ठेवावी. घडीविषयींची माहिती मात्र कागदांत मिळणार नाहीं. ती ऐंशीच्या पुढील स्त्रियांपाशीं आहे, आणि ती विचारण्याचें काम घरांतील लेकीसुनांसच करावें लागेल. कारण पुरुष वही घेऊन समोर बसला कीं आजीबाई बाळोत्यापर्यंत मोकळेपणीं बोलतात आणि मग चहाचें विचारतात.